पार्ट स्वस्त, खोळंबा महाग

कापड विकणाऱ्याने लोखंडावर का लिहावे, असे काही वाचक विचारतील. त्यांना एवढेच सांगतो की उमरीसारख्या गावात कोणताही धंदा एकटा उभा नसतो. कापूस आला की जिनिंग सुरू होते. जिनिंग चालले की शेतकरी, हमाल, टेम्पोवाला यांच्या हातात पैसा येतो आणि लग्नसराईत तोच पैसा आमच्या गादीवर येतो. या साखळीच्या अगदी मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक लेथ उभा असतो. जिनिंगच्या रोलरचा शाफ्ट, ट्रॅक्टरची पिन, रसवंतीच्या चरकाचा बुश, बोअरच्या मोटारीचे कपलिंग, जे मोडेल ते तिथे येते. सगळ्यांची यंत्रे दुरुस्त करणारे हे यंत्र. तेच बंद पडले तर त्याची मरम्मत कोण करणार?

आमच्या उर्दू शाळेत लेथला खराद म्हणत आणि तो चालवणाऱ्याला खरादी. मराठीत त्याला कातारी हा जुना शब्द आहे. आता दोन्ही शब्द मागे पडले आणि सगळीकडे लेथ व टर्नर झाले. आपल्या समाजातील बरीच मुले आय.टी.आय. करून याच कामात शिरतात. माझ्या भाच्याचेही असे वर्कशॉप आहे. त्याच्या जमाखर्चाची वही मी वर्षातून दोन-तीनदा पाहतो. त्या वहीतून माझ्या ध्यानात आलेली गोष्ट अशी की सुट्या भागांवर झालेला खर्च म्हणून तो जो आकडा लिहितो, तो खऱ्या खर्चाचा लहानसा तुकडा असतो.

हिशेब करून पाहू. समजा लेथच्या हेडस्टॉकमधला एक गिअर तुटला. गिअरची किंमत अडीच हजार रुपये. लेथवर रोज सरासरी दीड हजाराचे काम होते. पहिला दिवस मशीन उघडण्यात जातो. नांदेडला चौकशी केली, मिळाला नाही. मग हैदराबाद गाठायचे, कारण आम्हाला मुंबईपेक्षा तेच जवळ. सिकंदराबादच्या रानीगंजात दुकानामागून दुकान फिरायचे. तिथे तयार मिळाला तर नशीब, नाहीतर नमुना देऊन बनवायला टाकायचा आणि चार-पाच दिवस थांबायचे. आठ दिवस सहज जातात. आठ दिवसांचे बारा हजार बुडाले, जाण्या-येण्याचे व खाण्यापिण्याचे दीड हजार, आणि गिअरचे अडीच हजार. एकूण सोळा हजार. कारागिराचा पगार या बुडालेल्या बारा हजारांतूनच निघायचा होता, तो आता खिशातून द्यावा लागतो. वीज वाचली म्हणाल तर बिलातला स्थिर आकार मशीन बंद असले तरी येतोच. सोळा हजारांतले पार्टचे फक्त अडीच हजार. पण भांडण होते ते त्या अडीच हजारांवर! दोनशे रुपये कमी करून घेण्यासाठी माणूस आणखी एक दिवस बाजारात घालवतो आणि दीड हजार गमावतो.

शिवाय एक नुकसान वहीत लिहिताच येत नाही. हंगामात जिनिंगवाल्याचा शाफ्ट मोडला आणि आपला लेथ बंद, तर तो नांदेडला जातो. तिथे काम चांगले झाले की पुढच्या वेळी सरळ तिकडेच जातो.

पार्ट महाग का?

आता दुकानदाराच्या बाजूने पाहू, कारण मी स्वतः दुकानदार आहे. टर्नर मंडळी म्हणतात की एवढ्याशा लोखंडाचे एवढे पैसे म्हणजे लूट आहे. लूट करणारे असतातही. पण सगळे भाव लुटीने वाढत नाहीत.

कापडात पांढरे पॉपलीन रोज विकते. एखाद्या विचित्र रंगाचा तागा मात्र फळीवर पडून राहतो. तो आम्ही ईदच्या किंवा दिवाळीच्या आधी भाव पाडून काढून टाकतो. पार्ट विकणाऱ्याला हे करता येत नाही. गिअर स्वस्त झाला म्हणून कोणी हौसेने घेऊन जात नाही. मशीन तुटल्याशिवाय गिऱ्हाईक दुकानात येत नाही. समजा त्याने हजार रुपयांप्रमाणे पाच प्रकारचे गिअर घेऊन ठेवले. त्यातले तीन, तीन वर्षांनी विकले गेले आणि दोन कधीच विकले गेले नाहीत. पैसा व्याजाने आणलेला नसला तरी तीन वर्षे अडकलेल्या पाच हजारांवर दुसरीकडे काही नफा झालाच असता. वर्षाला शेकडा बारा धरला तर अठराशे. म्हणजे सहा हजार आठशे रुपये त्याला तीन गिअरमधून काढायचे आहेत. एक गिअर दोन हजार दोनशे सत्तर रुपयांना विकला तेव्हा कुठे तो बरोबरीत आला. दुकानाचे भाडे आणि नोकर यात धरलेला नाही. गिऱ्हाईक लोखंडाचे वजन पाहते, आणि दुकानदाराने लावलेली किंमत असते त्या लोखंडाने फळीवर काढलेल्या वर्षांची.

तयार न मिळणारा पार्ट बनवून घ्यावा तर तिथे दुसरी अडचण. कारखान्यात एका मापाचे शंभर गिअर एकदम कापले जातात, मशीन एकदाच लावावे लागते. आपल्या एका गिअरसाठीही मशीन तेवढाच वेळ लावावे लागते, आणि तो सगळा वेळ एकाच नगावर चढतो. मिलिंग मशीनवर गिअर कापायचा तर प्रत्येक मापासाठी आठ कटरचा संच लागतो. बारा-तेरा दातांना एक कटर, चौदा ते सोळा दातांना दुसरा, असे करत शेवटचा कटर एकशे पस्तीस दातांपासून पुढे. लहान वर्कशॉपकडे यातले दोन-तीनच असतात, आणि कारागीर जवळचा कटर लावून भागवतो. असा गिअर दिसायला चांगला, पण दातांचा आकार चुकलेला. ओतीव भाग असेल तर आधी लाकडी पॅटर्न करावा लागतो, मग फाउंड्री. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्या यासाठी प्रसिद्ध आहेत. पण एकच नग ओतायचा तर पॅटर्नचा सगळा खर्च त्या एका नगावर बसतो.

तिसरे कारण म्हणजे आपल्याकडचे लेथ जुने आहेत. १९५३ साली बंगळुरूला स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सचे, म्हणजे एच.एम.टी.चे लेथ आजही गावोगाव चालतात, पण त्या कंपनीचा पूर्वीचा पसारा आता राहिलेला नाही. हरिहरला १९४१ साली सुरू झालेली म्हैसूर किर्लोस्कर तर बंद पडूनही बरीच वर्षे झाली. तिचे लेथ मात्र चालू आहेत. मशीन कंपनीपेक्षा जास्त जगले, ही मशीनची तारीफ आहे; पण पार्ट कोणाकडे मागायचा? बटाला, लुधियाना आणि राजकोट इथले हलके लेथ आपल्या भागात खूप आले. त्यांत अडचण अशी की एकाच नावाच्या दोन मशीनचे पार्ट एकमेकांना बसतीलच असे नाही. आणि १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा भिवंडी-मालेगावकडे माग गेले. त्यांच्याबरोबर गिरण्यांच्या वर्कशॉपमधली विलायती मशीनेही भंगारवाल्यांमार्फत बाहेर पडली. ज्या गिरणीत ती होती तिथे तिचे स्वतःचे टर्नर, फिटर, मोल्डर होते. पार्ट तुटला की तिथेच बनत असे. आमच्या नांदेडला निजामाच्या काळापासून उस्मानशाही मिल होती. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि नंतर बंद पडली. अशा गिरण्यांबरोबर हा हुनरही गेला. लेथ एकटा गावात आला आणि त्याच्या पाठीमागचे वर्कशॉप मागे राहिले.

इंच आणि मिलिमीटर

खरा घोटाळा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या देशात वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला. त्याआधीची, आणि त्यानंतरही बरीच वर्षे आलेली, मशीने इंचाच्या मापाची आहेत. इंचाच्या मशीनमधले बोल्ट व्हिटवर्थ आट्यांचे असतात. व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ साली आट्यांचे माप ठरवून दिले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या जागी बारा मिलिमीटरचा बोल्ट लावला तर तो ढिला शिरतो, बसल्यासारखा वाटतो, आणि ताण आला की आटे घासून निघतात.

गिअरमध्ये हाच घोटाळा जास्त महाग पडतो. मेट्रिक गिअर मॉड्यूलने मोजतात. इंची गिअर डी.पी.ने, म्हणजे एका इंच व्यासामागे किती दात यावरून. पंचवीस पूर्णांक चार दशांशला डी.पी.ने भागले की मॉड्यूल येते. १० डी.पी.चा गिअर म्हणजे २.५४ मॉड्यूल झाला. बाजारात तयार मिळतो तो २.५ मॉड्यूल. चाळीस दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास २.५ मॉड्यूलमध्ये १०५ मिलिमीटर येतो आणि १० डी.पी.मध्ये १०६.६८. फरक पावणेदोन मिलिमीटरचाही नाही. दुकानदार दोन्ही हातांत दोन गिअर धरून म्हणतो, "एकच आहे, घेऊन जा."

भाच्याला एका मोठ्या शहरातल्या दुकानाने असाच गिअर दिला होता. मशीनवर चढवून त्याने मला फोन केला, "मामू, बसला तर आहे, पण रडतोय." गिअर रडत असेल तर मशीन लगेच बंद करावे. चालवत राहिले तर काही महिन्यांत तो शेजारच्या चांगल्या गिअरचेही दात खातो, आणि मग एकाऐवजी दोन घ्यावे लागतात. त्या दुकानाने माल परत घेतला नाही. पावतीवरच तसे छापलेले होते.

यावर उपाय शाळेतल्या गणिताचा आहे. सरळ दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा आणि दातांच्या संख्येत दोन मिळवून त्या आकड्याने भागावे. उत्तर २, २.५, ३ असे नेटके आले तर गिअर मेट्रिक. २.५४ किंवा ३.१७५ असे आले तर तो इंची, अनुक्रमे १० आणि ८ डी.पी.चा. दात झिजलेले असले तर उत्तर थोडे कमी येते, म्हणून त्याच मशीनमधला दुसरा, कमी झिजलेला गिअर मोजून खात्री करावी. दातांची संख्या विषम असेल तर दातासमोर दात येत नाही आणि व्हर्नियर चुकीचे माप देते. तेव्हा मधल्या भोकाच्या कडेपासून दाताच्या टोकापर्यंत मोजून त्यात भोकाचा अर्धा व्यास मिळवावा आणि त्याची दुप्पट करावी. आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते ती दाबकोनाची. जुन्या इंग्रजी गिअरमध्ये तो बहुधा साडेचौदा अंश असतो, नव्यात वीस. डी.पी. जुळले आणि कोन जुळला नाही, तरी गिअर रडणारच.

जुना इंची लेथ विकत घेणाऱ्यांनी एकशे सत्तावीस दातांचा गिअर सोबत आहे का, हे आधी पाहावे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ ची पाचपट १२७. म्हणून इंची लेथवर अचूक मेट्रिक आटे पाडायला हा गिअर लागतो. आकाराने मोठा, रोज न लागणारा, त्यामुळे शेडच्या कोपऱ्यात पडून पडून तो भंगारात गेलेला असतो. लेथ स्वस्त का मिळतो आहे, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्यातच असते.

बेअरिंगच्या बाबतीत मात्र जगाने शहाणपणा केला आहे. ६२०५ हा नंबर उमरीत सांगा नाहीतर जर्मनीत, भोक २५, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटरच मिळणार. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की भोकाचे माप येते. हा नियम ०४ पासून पुढे लागू पडतो. म्हणूनच बेअरिंग तालुक्याच्या गावातही मिळते आणि तुलनेने स्वस्त असते. इथे धोका नकली मालाचा. डबा हुबेहूब, आतले लोखंड कच्चे. काही कंपन्यांनी मोबाईलवर फोटो पाठवून खरे-खोटे तपासण्याची सोय केली आहे, ती वापरावी. व्ही पट्ट्याचेही तसेच, बी-५२ म्हणजे बी जातीचा, आतून बावन्न इंच लांबीचा. तीन पट्ट्यांतला एक तुटला तर तिन्ही बदलावेत. नवा पट्टा ताणलेला आणि जुने ढिले राहिले तर सगळा भार एकट्या नव्यावर येतो. चकच्या जॉवर १, २, ३ असे आकडे असतात आणि त्या जॉ त्याच चकच्या असतात. दुसऱ्या चकच्या जॉ घालून काम मध्यावर येत नाही, मग टर्नर दिवसभर मशीनला शिव्या देतो.

दहा रुपयांची पिन

सगळ्यात जास्त नुकसान मी ज्या पार्टमुळे झालेले पाहिले आहे, तो सगळ्यात स्वस्त आहे. बऱ्याच लेथमध्ये लीड स्क्रू किंवा फीडच्या शाफ्टवर एक नरम पिन असते, बहुधा पितळेची. टूल कुठे अडकले, जोर जास्त झाला, की ही पिन तुटावी आणि आतले गिअर वाचावेत यासाठीच ती ठेवलेली असते. ती तुटणे हेच तिचे काम! पण पिन दोन-तीनदा तुटली की कारागीर वैतागतो आणि तिथे कडक पोलादाचा तुकडा ठोकून देतो. पिन पुन्हा तुटत नाही. तुटतो तो गिअर. वर सांगितलेला सोळा हजारांचा हिशेब पुष्कळदा इथून सुरू होतो. पितळेची पट्टी घेऊन फावल्या वेळात दहा-बारा पिना काढून डब्यात ठेवाव्यात, आणि पिन वारंवार तुटत असेल तर ती का तुटते ते पाहावे.

कराबद्दल थोडे. १ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. आला. मशीन टूलच्या सुट्या भागांवर तो शेकडा १८ आहे. नियमित नोंदणी असलेल्या वर्कशॉपला हा कर स्वतःच्या करातून वजा मिळतो. पण फक्त जॉबवर्क करणाऱ्याची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नाही तर वजावटही नाही. कंपोझिशनमध्ये असलेल्यालाही ती मिळत नाही. म्हणजे लहान कारागिराला अठरा टक्के पूर्ण अंगावर पडतात. त्यामुळे "बिल नको" म्हणण्याचा मोह होतो. पण बिल नसले की चुकीचा माल परत करण्याचा दावाच उरत नाही, आणि या धंद्यात चुकीचा माल किती सहज येतो ते वर पाहिलेच.

आता सी.एन.सी. आपल्या मुलांना जुना लेथ नकोसा वाटतो, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. कमाईही तिथे जास्त आहे. परंतु त्या मशीनचे पार्ट वेगळ्या जातीचे. जुना गिअर निदान डोळ्यांना दिसतो आणि कुठेतरी कापून तरी मिळतो. सी.एन.सी.चे कार्ड जळले तर नांदेड-लातूरच्या बाजारात कोणी काही करू शकत नाही. पुण्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे औरंगाबादहून, माणूस बोलवावा लागतो. त्याची येण्याची फी, राहण्याची सोय आणि मग कार्डची किंमत. हप्ता मात्र तारखेला जातोच. या मशीनमध्येही त्या पितळी पिनेसारखी एक स्वस्त वस्तू आहे: कंट्रोलची बॅटरी. मशीनची सगळी मापे, ज्यांना पॅरामीटर म्हणतात, ती बऱ्याच कंट्रोलमध्ये या बॅटरीवर टिकून असतात. बॅटरी कमी झाल्याची सूचना पडद्यावर येते, लोक ती आठवडेच्या आठवडे पाहत राहतात. एखाद्या लांबलेल्या भारनियमनात किंवा सणाच्या सुटीत बॅटरी संपते, पॅरामीटर पुसले जातात आणि मशीन नुसते कपाट होऊन बसते. बॅटरी दरवर्षी बदलावी. मशीनच्या पुस्तकात उलटे सांगितलेले नसेल तर ती वीज चालू असतानाच बदलावी, बंद करून नव्हे. आणि सगळ्या पॅरामीटरची नक्कल कार्डवर काढून मशीनपासून दूर, घरच्या कपाटात ठेवावी. मशीन विकणाऱ्याकडून ही नक्कल पहिल्याच दिवशी मागून घ्यावी; पैसे पूर्ण दिले गेल्यावर फोन उचलले जात नाहीत, हा अनुभव फक्त आमचाच नसावा.

भाच्याने आता एक पद्धत ठेवली आहे. पावसाळ्यात काम कमी असते, तेव्हा तो लेथचा एकेक भाग उघडून प्रत्येक गिअरचे दात, व्यास, जाडी, भोक, चावीचा गाळा वहीत उतरवतो. बेअरिंगचे नंबर, ऑइल सीलची आतली-बाहेरची मापे, पट्ट्यांचे नंबर सगळे एका ठिकाणी. तुटलेला पार्ट तो भंगारात देत नाही, तारेत ओवून खिळ्याला टांगतो, कारण पुढच्या वेळी नमुना म्हणून तोच लागतो. हंगामाच्या तोंडावर जे गिअर संशयास्पद वाटतात ते तो आधीच राजकोटला सांगून ट्रान्सपोर्टने मागवतो. फोनवर बोलण्याआधी फोटो पाठवतो आणि फोटोत गिअरशेजारी स्टीलची पट्टी ठेवतो, म्हणजे माप दिसते. सोबत एक ओळ लिहितो: दात इतके, डी.पी. १०, दाबकोन साडेचौदा, मॉड्यूल अडीच चालणार नाही. ही शेवटची तंबी मीच घालायला लावली आहे.

आजूबाजूच्या तीन वर्कशॉपवाल्यांशीही त्याचे बोलणे चालू आहे. तिघांकडे एकाच बनावटीचे लेथ आहेत. एकाने हेडस्टॉकचे गिअर ठेवायचे, दुसऱ्याने हाफ नट आणि क्रॉस स्लाइडचे गनमेटल नट, तिसऱ्याने बेअरिंगचा एक संच. लागेल त्याने न्यायचे आणि महिन्याभरात भरून द्यायचे. एकाने होकार दिला आहे. दुसरा म्हणतो, माझे गिअर तुम्ही नेले आणि माझेच तुटले तर? प्रश्न रास्त आहे. त्यावर प्रत्येक गिअर दोन नग ठेवावा आणि दुसऱ्या नगाचे पैसे तिघांनी वाटून घ्यावेत, असे मी सुचवले आहे. नव्या हंगामाचा कापूस येण्यापूर्वी ते ठरायला हवे.